सात दिवसांची घाई

गणपतीच्या तोंडावर घरात गवंडीकाम काढू नये, असं आमच्या सासूबाई नेहमी म्हणायच्या. आम्ही सुना ते ऐकून हसायचो. त्यात काय मोठंसं, दहा बाय दहाची एक खोली तर वाढवायची! पण मैत्रिणींनो, २०१८ सालच्या भाद्रपदात त्या दहा बाय दहाच्या खोलीनं मला जे शिकवलं, ते सांगायला आज बसले आहे. सांगताना लाज वाटते, कारण या गोष्टीत चूक माझी आहे. गवंड्याची नाही, सिमेंटची नाही, नशिबाची तर नाहीच नाही.

आमचं घर कऱ्हाडला, जुन्या पद्धतीचं. स्वयंपाकघर अंधारं आणि अरुंद. चार पाहुणे आले की एकीनं पोळ्या लाटायच्या आणि दुसरीनं दारात उभं राहायचं. किती वर्षं ह्यांच्या मागं लागले होते, की मागच्या अंगाला एक खोली काढू या. शेवटी त्या वर्षी पैशाची जुळणी झाली आणि काम सुरू झालं. खोली दहा बाय दहाची, आणि तिच्या स्लॅबचाच तीन फूट पुढे काढलेला छज्जा. छज्ज्याखाली धुण्याचा दगड आणि भांडी घासायची जागा. पावसाळ्यात आमच्या भांड्याच्या मावशी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन भांडी घासायच्या, ते मला बघवत नसे. म्हणून छज्जा हा माझाच हट्ट होता. मावशींसाठी केलेला तो छज्जा मावशींच्याच पायावर पडेल, असं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

तीन वेळा सांगितलेलं

आमचे मिस्त्री साठीच्या घरातले, कमी बोलणारे. त्यांनी मला तीन वेळा तीन गोष्टी सांगितल्या होत्या. तिन्ही वेळा मी "हो हो" म्हटलं आणि तिन्ही वेळा मला हवं तेच केलं.

पहिली गोष्ट स्लॅब टाकायच्या दिवशी सकाळची. फळ्यांवर सळयांची जाळी बांधून तयार होती. छज्ज्याच्या भागात मिस्त्रींनी सळया मुद्दाम उचलून वरच्या अंगाला बांधल्या होत्या आणि खाली सळईच्याच लहान खुर्च्या करून लावल्या होत्या. आमच्याकडची सगळी मंडळी वर बघायला गेली. हे, भाऊजी, मुलं. मीही गेले. मिस्त्री म्हणाले, "वैनी, छज्ज्यावर कुणी जाऊ नका. सळई दबती." भाऊजी हसून म्हणाले, "अहो, लोखंड आहे ते, माणसाच्या वजनानं काय होतंय!" आणि कडेपर्यंत जाऊन त्यांनी फोटोसुद्धा काढून घेतला. मिस्त्रींनी एकदोन खुर्च्या पुन्हा सारख्या केल्या. तेवढ्यात खडी-सिमेंटचा माल आला आणि सगळ्यांची घाई उडाली.

दुसरी गोष्ट टेकूंची. १ सप्टेंबरला, शनिवारी, स्लॅब पडला. संध्याकाळी चहा घेताना मिस्त्री म्हणाले, "चौदा दिवस टेकूला हात लावायचा नाही वैनी. छज्ज्याचे तर नाहीच." मी कॅलेंडर पाहिलं. चौदा दिवस म्हणजे १५ तारीख. आणि गणपती १३ तारखेला! मागचं दार बांबूंनी अडलेलं, धुण्याच्या दगडापाशी उभं राहायला जागा नाही, वन्सं सहकुटुंब यायच्या, आरतीला पन्नास माणूस. उकडीचे मोदक काय त्या बांबूंच्या जंगलात करायचे?

आठवडाभर मी कळ काढली. ८ तारखेला मिस्त्री आत गिलाव्याचं बघायला आले, तेव्हा म्हटलं, "खोलीतले टेकू राहू द्या हवे तर. बाहेरचे, छज्ज्याखालचे तेवढे काढून टाका. एवढासा तर आहे!" ते जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "अजून सात दिवस पायजेत." मी म्हटलं, "अहो, वरून वाजवून बघा, दगडासारखा झालाय. काही झालं तर आमची जबाबदारी." त्यातून सेंटरिंगवाल्याचाही माणूस दोनदा येऊन गेला होता, दुसरीकडे फळ्या हव्या होत्या त्याला. मिस्त्री म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणून काढतो." आणि टेकू निघाले. मागचं अंगण कसं मोकळं, प्रशस्त वाटायला लागलं! मी स्वतः सडा घातला.

तिसरी गोष्ट, "वर काही ठेवू नका." ती तर मी दुसऱ्याच दिवशी विसरले. माडीच्या दारातून नव्या स्लॅबवर जाता येत होतं. कोबा अजून व्हायचा होता, पण कडेला कुंड्या किती छान दिसतील, असं मनात आलं. तुळस, जास्वंद, शेवंती, मोगरा, अशा आठ मोठ्या कुंड्या मी छज्ज्याच्या अगदी टोकाला ओळीनं मांडल्या. पाऊस होताच, माती भिजून चिंब झालेली.

छज्ज्यानं स्वतः सांगितलेलं

चौथ्यांदा सावध केलं ते छज्ज्यानंच. ११ तारखेला कुंड्यांतली फुलं काढायला वर गेले, तेव्हा खोलीची भिंत जिथं संपते आणि छज्जा सुरू होतो, बरोबर त्या रेषेवर एक बारीक चीर दिसली. केसाएवढी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, नवं सिमेंट सुकताना पडतातच अशा चिरा. पाहुण्यांना दिसू नये म्हणून वाटीभर सिमेंट कालवून मी ती चीर बोटानं बुजवून टाकली. ह्यांना सांगितलं नाही, मिस्त्रींनाही नाही.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी देवघरात वाळूची पिंड करत होते. मागं मावशींचा भांड्यांचा आवाज चालू होता. मग एक आवाज झाला. मोठा नाही, पोतं टाकल्यासारखा. आणि भांड्यांचा आवाज थांबला.

छज्जा भिंतीपाशी मोडून झाकणासारखा खाली आला होता. मावशी नळ बंद करायला म्हणून दगडावरून उठल्या होत्या आणि एक पाऊल बाहेर पडलं होतं, म्हणून जीव वाचला. डावा पाय आत राहिला. शेजारच्या चार जणांनी पहारी घालून तो तुकडा उचलला, तेव्हा मावशी ओरडतही नव्हत्या. फक्त "वैनी, पाय दिसंना," एवढंच म्हणत होत्या. ते शब्द अजून रात्री कानात येतात.

गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली होती. शस्त्रक्रिया झाली, सळई बसवली. चार महिने त्या अंथरुणावर होत्या. आम्ही दवाखान्याचा सगळा खर्च केला, सहा महिने पगार दिला, आणि ते करायलाच हवं होतं. पण त्यांची पाच घरची कामं होती. ती धरून ठेवायला त्यांची मुलगी सकाळ-संध्याकाळ भांडी घासायला जाऊ लागली. दहावीत होती. माझी मुलगीही त्याच वर्षी दहावीला. माझी परीक्षेला बसली, तिची बसली नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा बसली आणि पास झाली, हे खरं. पण ते वर्ष तिचं गेलं ते माझ्या सात दिवसांपायी. आणि मावशी आजही पाय ओढत चालतात.

असं झालं तरी का?

जाऊबाईंचे भाऊ इंजिनिअर आहेत. ते दुसऱ्या दिवशी आले. गणपती बसले होते, पण आरतीला कुणाचा आवाज फुटत नव्हता. त्यांनी पडलेला छज्जा पाहिला आणि मला जवळ बोलावून समजावून सांगितलं. त्यांनी सांगितलं तसंच तुम्हांला सांगते, कारण हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

चिक्कीची एक वडी ओट्याच्या कडेला अर्धी बाहेर काढून ठेवा. आतला भाग एका हातानं दाबून धरा आणि बाहेरच्या टोकावर बोट दाबा. वडी मोडते कुठं? कडेपाशी. आणि चीर सुरू होते कुठून? वरून! खालून नव्हे. छज्ज्याचं तसंच. सिमेंट-काँक्रीट दाब सोसायला बळकट, पण ओढ सोसायला कच्चं. ती ओढ सोसायला म्हणून लोखंडी सळई घालायची. दोन भिंतींवर टेकलेल्या साध्या स्लॅबला मधोमध ओढ खालून बसते, म्हणून तिथं मुख्य सळई खालच्या अंगाला. पुढे अधांतरी काढलेल्या छज्ज्याला ओढ वरून बसते, म्हणून त्याची सळई वरच्या अंगाला. मिस्त्रींनी खुर्च्या लावून ती वर धरली होती ती यासाठी. आमच्या सगळ्यांच्या पायांखाली ती दबून खाली गेली. फुटलेल्या कडेला सळया तळाशी दिसत होत्या. म्हणजे लोखंड होतं, पण जिथं हवं तिथं नव्हतं.

दुसरं, टेकूंचं. सिमेंट वाजवून दगडासारखं लागतं, पण ते वरवरचं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. सातव्या दिवशी ती साधारण दोनतृतीयांश आलेली असते. हल्ली राखमिश्रित सिमेंट जास्त वापरतात, त्याला सुरुवातीला आणखी वेळ लागतो. भारतीय मानकाच्या ४५६ क्रमांकाच्या पुस्तकात हे दिवस लिहून ठेवले आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या साध्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून लांब स्लॅबचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे १४ दिवस आणि त्याहून लांब तुळईचे २१ दिवस. छज्ज्याला साध्या स्लॅबचा हिशेब लावायचा नाही, कारण त्याला दुसऱ्या टोकाला टेका नसतो. आमच्या मिस्त्रींनी ते पुस्तक कधी पाहिलं नसेल, पण चौदा हा आकडा त्यांना पाठ होता. टेकू काढतानाही छज्ज्याचे बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे काढत यायचे असतात.

तिसरं, वजन. आमचा छज्जा दहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार इंच जाड. "एवढासा" म्हणत होते ना मी? त्याचं स्वतःचं वजन सातशे किलोच्या घरात. ओल्या मातीची मोठी कुंडी वीस किलोची, अशा आठ. म्हणजे आणखी दीड क्विंटल, तेही टोकाला, जिथं त्याचा भार सगळ्यात जास्त जाणवतो.

"वहिनी," ते म्हणाले, "यांतली एखादी चूक त्या छज्ज्यानं कदाचित पोटात घातली असती. तिन्ही घातल्या नाहीत." आणि ती चीर? तिच्याबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. भिंतीला लागून, वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली चीर म्हणजे छज्ज्याची शेवटची हाक असते. खालची माणसं हलवायची, टेकू लावायचे आणि जाणकाराला बोलवायचं. सिमेंटचं बोट फिरवायचं नाही.

आपल्या घरी काम निघालं तर

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे काही स्लॅब पडत नाही, नुसतं स्वयंपाकघर नवं करायचंय. पण लहान काम म्हणूनच जास्त जपायचं. मोठ्या इमारतीवर इंजिनिअर असतो, देखरेख असते. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, त्यातही स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम वगळलेलं होतं. आपल्या घरच्या कामावर देखरेख करणारी असते ती दुपारी घरी असलेली बाई. म्हणजे आपणच. म्हणून काही गोष्टी सांगते.

*भिंत पाडण्याआधी.* "ही मधली भिंत काढली की हॉल केवढा होईल!" असं प्रत्येकीला वाटतं. पण दहा बाय दहाची नऊ इंची विटांची भिंत चार टनांच्या आसपास भरते, आणि जुन्या घरात वरचा मजला तिच्यावरच उभा असतो. खांब-तुळयांच्या इमारतीत विटांची भिंत काढता येईलही, पण खांब आणि तुळई यांना छिन्नीसुद्धा लागता कामा नये. मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं. भिंत काढावी की नाही, हे गवंड्याला किंवा सुताराला विचारायचं नाही. इंजिनिअरला बोलवा, त्याची फी द्या, आणि त्याच्याकडून लिहून घ्या.

*विजेचं.* कामावर आलेल्या ग्राइंडरला बहुतेक वेळा पिन नसते. दोन उघड्या तारा प्लगमध्ये कोंबून काडेपेटीच्या काड्या खोचतात. खाली फरशीवर पाणी! हे दिसलं की काम थांबवा. शंभर-दीडशे रुपयांची पिन आपण आणून द्या. खिळा ठोकताना किंवा भोक पाडताना बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर आणि खाली हात लावू नका, भिंतीतली वायर बहुधा तिथूनच जाते. घरात ३० मिलिअँपिअरचं गळती-रक्षक बटण बसवून घ्या आणि त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबल्याबरोबर वीज गेली पाहिजे.

*सिमेंट आणि चुना.* ओलं सिमेंट कातडी जाळतं. पायाच्या बोटांत राहिलं तर संध्याकाळपर्यंत जखम होते. बिगारी बायकांच्या हातांकडे एकदा पाहा. रबरी हातमोज्यांचे दोन जोड आणि बूट आणून ठेवले तर काही फार पैसे पडत नाहीत. मुलांना मालाजवळ फिरकू देऊ नका. डोळ्यांत उडालं तर चोळायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवत राहायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

*फरशी धुताना.* काम संपलं की सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरतात. ते एकदा ओतल्यावर "अजून पांढरं व्हावं" म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर घालू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो. काय ते एकच वापरा, खिडकी उघडी ठेवा.

*पाणी मारणं.* हे काम मात्र आपल्या हातचं. स्लॅबला, गिलाव्याला निदान सात दिवस ओलं ठेवायचं, कडक उन्हाळ्यात दहा. पाण्याचा कंटाळा केला की ताकद येत नाही, मग कितीही भारी सिमेंट आणा.

*टेकूंचं* तर आता सांगायलाच नको. तारीख कॅलेंडरवर लिहा आणि सण त्या तारखेच्या पुढे ढकलता येत नसेल, तर कामच सणानंतर काढा. सासूबाई सांगत होत्या ते हेच होतं, फक्त कारण सांगत नव्हत्या.

मिस्त्री "नको" म्हणतात तेव्हा

एवढं सगळं झाल्यावर मिस्त्री मला एक शब्द बोलले नाहीत. उलट दवाखान्यात येऊन मावशींच्या हातावर पाचशे रुपये ठेवून गेले. मीच एकदा विचारलं, "मिस्त्री, तुम्ही त्या दिवशी ठाम नाही का म्हटलं नाहीत?" ते म्हणाले, "वैनी, नाही म्हटलं तर लोक दुसरा मिस्त्री बघत्यात. आम्ही एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगतो. मग गप बसतो."

हे मी विसरू शकत नाही. डॉक्टर एकदा "मीठ बंद" म्हणाले की आपण मीठ बंद करतो. डॉक्टर खुर्चीत बसलेले असतात आणि पैसे आपण त्यांच्या हातात नेऊन देतो. मिस्त्री आपल्या दारात उभे असतात, पैसे आपल्याकडे मागतात, म्हणून त्यांचा "नको" आपल्याला आर्जवासारखा वाटतो. तो ऐकण्याची जबाबदारी आपली. आता माझ्याकडे काम असलं की मी पहिल्याच दिवशी सांगते, "तुम्ही नको म्हणाल ते मी करणार नाही. मी हट्ट धरला तरी ऐकू नका." हसतात ते, पण बरं वाटतं त्यांना.

छज्जा आम्ही पुढच्या मार्चमध्ये पुन्हा घातला. इंजिनिअरनं काढलेल्या नकाशाप्रमाणे. सळयांवर चालायला वेगळ्या फळ्या टाकल्या होत्या. टेकू २१ दिवस ठेवले. त्या एकवीस दिवसांत मी मागचं दार उघडलंच नाही, पुढून वळसा घालून जात होते.

मावशी आता आमच्याकडे पोळ्या करतात, बसून होणारं काम. भांडी मी घासते, त्याच दगडावर. पाऊस आला की त्या दारातून छज्ज्याकडे बघतात आणि म्हणतात, "वैनी, आत या, भिजलं तर भिजू दे भांडी." छज्जा भक्कम आहे, हे मी त्यांना सांगत नाही. मी आत येते.